आप्पासाहेब पट्टी

निर्झर रेसिडेन्सी नावाच्या सोसायटीत झरा सोडाच, नळालाही धड पाणी नव्हतं. खराडीतल्या आयटी पार्कच्या पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या या तीन इमारती टँकरवर जगत. टँकरला उशीर झाला की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर अशी कडक इंग्रजी पत्रं पडत, की टँकरवाल्याने ती वाचली असती तर त्याने तडक राजीनामाच दिला असता. आणि याच सोसायटीत दर पावसाळ्यात एका घरात मात्र पाणी न बोलावता, उंबरा ओलांडून थेट पलंगापर्यंत यायचं. ते घर म्हणजे सी इमारतीच्या तळमजल्यावरचं पहिलं घर.

त्या घरात धम्मदीप आणि त्याचे वडील राहत. वडील, म्हणजे रंगराव, मूळचे अकोल्याकडचे. पिंपरीकडच्या एका कारखान्यात लेथपुढे उभं राहून राहून त्यांनी गुडघ्यांची पार वाट लावून घेतली होती. जिना नको म्हणून मुलाने तळमजला निवडला. पण बिल्डरने इमारतींमधल्या वाटेवर आरशासारख्या चकचकीत फरशा बसवल्या होत्या आणि त्या सगळ्या वाटेचा उतार नेमका याच दाराकडे काढला होता. धम्मदीपने एकदा लेव्हल लावून तो उतार तपासला. इतकं अचूक काम त्या बिल्डरने उभ्या सोसायटीत दुसरीकडे कुठेच केलेलं नव्हतं.

पहिल्या पावसाळ्यानंतर रंगरावांनी पलंगाच्या पायांखाली एकेक वीट ठेवली. पुढच्या वर्षी दुसरी आली. यंदा तिसरी. आता पलंगावर चढताना त्यांना आधी पाटावर पाय द्यावा लागे आणि प्रत्येक वेळी गुडघ्यातून बारीक कट् असा आवाज येई. जिना नको म्हणून घेतलेल्या घरात वडील रोज रात्री पायरी चढून झोपतात, हे धम्मदीपला बघवत नसे. त्याला जगात फारसं काही नको होतं. बाबांचा पलंग जमिनीवर यावा, एवढंच हवं होतं.

शिक्षणाने तो पदार्थविज्ञानाचा एमएस्सी. नोकरी वाघोलीला, तयार काँक्रीट बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत. दिवसभर काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून ते कधी फुटतात ते बघायचं, हे त्याचं काम. ते त्याला मनापासून आवडे. तिथेच त्याने फावल्या वेळात पाणी मुरू देणाऱ्या काँक्रीटचा एक ठोकळा बनवला आणि तो पिशवीत घालून सोसायटीच्या वार्षिक सभेला गेला.

सभेत विषय वाटेचाच होता. चकचकीत फरशीवरून घसरून तीन जणांचे हात गळ्यात आले होते. सेक्रेटरी शुभंकर एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता आणि सोसायटीही तो प्रोजेक्टसारखीच चालवायचा. त्याने भिंतीवर प्रोजेक्टर लावून नव्या फरशांची चित्रं दाखवली. त्याही चकचकीत होत्या, फक्त रंग वेगळा होता.

"मला पाच मिनिटं हवीत," असं म्हणून धम्मदीपने ठोकळा स्टुलावर ठेवला. "यात वाळू नाही. एकाच मापाची खडी आणि तिला जेमतेम लेप बसेल एवढंच सिमेंट. त्यामुळे खड्यांच्या मधल्या फटी मोकळ्या राहतात आणि एकमेकींना जोडलेल्या असतात. पाणी वरून पडलं की सरळ खाली जातं. खाली खडीचा थर घालायचा, तिथून ते जमिनीत. आपली बोअरही जरा भरेल."

असं म्हणून त्याने तांब्याभर पाणी ठोकळ्यावर ओतलं. पाणी क्षणभरही न थबकता आरपार गेलं, स्टुलावरून ओघळलं आणि शुभंकरच्या लॅपटॉपच्या बॅगेत शिरलं.

"डेमो चांगला झाला," शुभंकर बॅग उचलत म्हणाला.

"म्हणजे आता अधिकृतपणे पाणी मुरणार," कुणीतरी म्हणालं. हा विनोद त्या सभेत तिघांनी स्वतंत्रपणे केला आणि तिघांनाही तो आपल्यालाच सुचल्यासारखा वाटला.

मग आप्पासाहेब उठले. आप्पासाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. सोसायटीचे मानद तांत्रिक सल्लागार. हा मान त्यांना कुणी दिला होता हे कुणालाच आठवत नव्हतं, पण काढून घ्यायची हिंमतही कुणात नव्हती.

"अहो धम्मदीप, आपलं वय काय?"

"सव्वीस."

"मी चाळीस वर्षं पाणी अडवलंय. ज्या काँक्रीटमधून पाणी गेलं, ते काँक्रीट आम्ही कंत्राटदाराच्या खर्चाने फोडायला लावायचो. आपण तेच इथे मुद्दाम करणार. बरोबर?"

"आप्पासाहेब, धरण वेगळं आणि पायवाट वेगळी."

"काँक्रीट तेच असतं," आप्पासाहेब म्हणाले आणि बसले.

दुसऱ्या मजल्यावरच्या हेमाताई शाळेत गणित शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "गेल्या महिन्यात मी पडले तेव्हाही फरशी तीच होती, आप्पासाहेब. करून तर बघू. माझा दुसरा हात अजून शाबूत आहे."

शेवटी ठरलं ते असं. सी इमारतीत धम्मदीपच्याच दारापुढचा वाटेचा एक तुकडा त्याच्या पद्धतीने करायचा. मग आठवडाभराने, रविवारी, सगळ्यांसमोर त्यावर पाणी सोडून बघायचं. मुरलं तर सबंध वाट तशी. नाही मुरलं तर शुभंकरच्या फरशा. शुभंकरने त्याच्या तक्त्यात दोन रकाने केले: 'काम नियमाप्रमाणे' आणि 'पाणी मुरतं'. दोन्ही हिरवे झाले की काम पास.

नियमाप्रमाणे म्हणजे काय, हेही सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी ए इमारतीची गच्ची गळली होती. कंत्राटदाराने नव्या काँक्रीटला पाणीच मारलं नव्हतं. तेव्हा आप्पासाहेबांनी ठराव करून घेतला, की यापुढे सोसायटीत कुठलंही काँक्रीट झालं की त्यावर कडेने बांध घालून पाणी साठवायचं आणि त्या साठलेल्या पाण्याचा फोटो गटावर टाकायचा. फोटो नाही तर बिल नाही. ठराव चांगला होता. त्यानंतर गच्ची गळली नाही. धम्मदीपही त्या ठरावावर खूश होता. हा ठराव आपल्याच दारात येऊन बसेल हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

काम संभाजीशेठने घेतलं. ज्या जमिनीवर निर्झर रेसिडेन्सी उभी होती ती एके काळी संभाजीशेठच्या घरची. जमीन गेली, पैसे आले, भावांत वाटून गेले. उरलेल्यातून त्याने एक मिक्सर आणि एक पांढरी जीप घेतली आणि आपल्याच शेतावर उगवलेल्या इमारतींची डागडुजी करायला लागला.

शनिवारी सकाळी काम झालं. धम्मदीप स्वतः उभा होता. पाणी किती, सिमेंट किती, सगळं त्याने मोजून घातलं. मूठभर मिश्रण हातात घेऊन त्याचा लाडू वळतो का तेही बघितलं. लाडू वळला पाहिजे, पण हाताला सिमेंट चिकटून राहता कामा नये. तो वळला. माल पसरून, लाटून झाला तेव्हा तो तुकडा हुबेहूब शेंगदाण्याच्या चिक्कीसारखा दिसत होता.

गॅलऱ्यांमधून माणसं डोकावू लागली.

"हे अर्धंच शिजलंय का?"

"वरचा थर यायचाय अजून. हे नुसतं खालचं असणार."

"छे हो. वाळू खाल्ली. दिसतंय की सरळ."

संभाजीशेठचा चेहरा पडला. त्याने धम्मदीपला बाजूला घेतलं. "भाऊ, माझी इज्जत चालली. इतकी वर्सं कामं केली. कधी वाळू कमी पडली, कधी सिमेट कमी पडलं, खोटं कशाला बोलू? पन वरनं गिलाव्याचा रंधा असा फिरवायचो का कुनाचा बाप हूं म्हनला न्हाय. आज पयल्यांदा सांगून-सवरून, तुमच्या हिशेबानं वाळू घातली न्हाय, तर मानसं चोर म्हनत्यात."

"एक आठवडा थांबा, शेठ. पाणी मुरताना बघतील तेव्हा गप्प होतील."

"वरनं हलका हात फिरवू का? नुसता दिसायला?"

"अजिबात नाही. फटी बुजल्या की संपलं."

धम्मदीपने लगेच त्या तुकड्यावर प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरला आणि कडेने दगड ठेवले. या काँक्रीटला आतला ओलावा टिकवायला झाकूनच ठेवावं लागतं, कारण चहूबाजूंनी हवा लागून ते चटकन सुकतं. त्याने गटावर तसं लिहिलंही: 'कृपया आठवडाभर कागद काढू नये.' त्याखाली सतरा जणांनी अंगठा दाखवला. वाचलं बहुधा कुणीच नाही.

रंगराव दारात खुर्ची टाकून हे सगळं बघत होते. "तुह्या काँक्रीटले भोकं हायत, हे तू सांगून ऱ्हायला," ते म्हणाले, "पण पाण्याले कोण सांगते, का तू यातूनच जाजो म्हणून?"

"पाण्याला सांगावं लागत नाही, बाबा. त्याला खाली जायचंच असतं."

"मले बी खालीच यायचं हाय, पलंगावरून. पाहू."

सोमवारी धम्मदीप कामाला गेला. मंगळवारी दुपारी तो प्रयोगशाळेत यंत्रापाशी उभा असताना खिशातला फोन थरथरला. गटावर फोटो आला होता. फोटोत आप्पासाहेब हात मागे बांधून उभे होते आणि त्यांच्या पायांपुढे तळं होतं. नितळ, काठोकाठ भरलेलं, आभाळाचं प्रतिबिंब पडलेलं तळं. खाली शुभंकरने लिहिलं होतं, 'काम नियमाप्रमाणे: हिरवा. धन्यवाद काका!' आणि त्याखाली फुलं, अंगठे, जोडलेले हात.

धम्मदीपने फोटो बोटांनी मोठा करून बघितला. चिक्की कुठेच दिसत नव्हती. पाण्याखाली होता तो गुळगुळीत, राखाडी, सुरेख हात फिरवलेला थर. यंत्रातला ठोकळा फाडकन फुटला. किती भाराला फुटला ते लिहून घ्यायचं तो विसरला, असं आजवर कधी झालं नव्हतं.

खरी हकीकत त्याला संध्याकाळी फाटकापाशीच हेमाताईंनी सांगितली. त्यांना सुटी होती आणि त्यांच्या गॅलरीतून तो तुकडा नाटकाच्या पहिल्या रांगेतून दिसावा तसा दिसे.

"सकाळी आप्पासाहेब आले. कागद बघून म्हणाले, हे काय, मयत झाकल्यासारखं झाकून ठेवलंय. काढा. मग संभाजीला बोलावला. म्हणाले, बांध घाल. तीन बाजूंनी विटांचे बांध घातले. तुमच्या दाराकडची बाजू राहिली होती, तेवढ्यात तुमचे बाबा त्यांच्या त्या पिशव्या घेऊन बाहेर आले."

रंगरावांच्या पिशव्या सगळ्या सोसायटीला माहीत होत्या. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत बारीक खडी भरून, तोंडं शिवून त्यांनी त्या पावसाळ्यात उंबऱ्याशी लावायला केल्या होत्या.

"का बाहेर आणल्या?"

"आप्पासाहेबांच्या हातात पाण्याचा पाइप बघितला ना त्यांनी. म्हणाले, पाणी कुठूनबी येवो, पहिले माह्याच घरात येते. आणि दारापुढे दोन रांगा लावून टाकल्या, एकीला एक चिकटून. आप्पासाहेब खूश. म्हणाले, वा, चौथा बांध झाला."

"आणि मग?"

"मग पाइप सोडला. पाणी गायब. दुसरा पाइप लावला. तेही गायब. मग टँकर आलाच होता, त्यातलं निम्मं तिथे सोडलं. मी आंघोळीची खोळंबले होते, म्हणून नीट लक्षात आहे. पाणी राहीच ना. आप्पासाहेबांचा चेहरा असा झाला, जणू धरणच फुटलंय. 'संभाजी, हे गळतंय!' म्हणाले. संभाजीने लगेच सिमेंटचा पातळ घोळ ओतला. तोही प्यायलं ते. मग त्याने दाट घोळ केला आणि रंधा घेऊन बसला. इतक्या प्रेमाने हात फिरवत होता, मला वाटलं आता गाणंच म्हणतो की काय. दुपारी पाणी उभं राहिलं. फोटो निघाला. आम्ही आंघोळ मात्र केली नाही."

धम्मदीप तडक आप्पासाहेबांकडे गेला. ते चहा घेत होते. त्यांनी त्यालाही घ्यायला लावला, बसायला सांगितलं, आणि मगच विचारलं, "बोला."

"आप्पासाहेब, ते काँक्रीट गळत नव्हतं. ते त्याचं कामच होतं."

"अहो, आपण विज्ञान शिकलात. मला एवढंच सांगा. नव्या काँक्रीटला पाणी लागतं की नाही? हो किंवा नाही."

"हो, पण—"

"झालं. आणि पाणी द्यायचं तर ते तिथे राहायला हवं की नको?"

"झाकून ठेवलं की आतलंच पाणी—"

"राहायला हवं की नको?"

"ओलावा राहायला हवा."

"आता राहतोय," आप्पासाहेब समाधानाने म्हणाले. "चांगला चार बोटं उभा राहतोय. साखर लागेल का आणखी?"

अडचण ही होती, की आप्पासाहेब मूर्ख नव्हते. धरणाबद्दल त्यांनी म्हटलेला प्रत्येक शब्द खरा होता. चुकीच्या माणसाशी वाद घालणं धम्मदीपला जमलं असतं. बरोबर माणसाशी चुकीच्या जागी वाद कसा घालायचा, हे एमएस्सीला नव्हतं.

तो संभाजीशेठला भेटला. "वरचा थर घासून काढा, शेठ."

"जमायचं न्हाय," संभाजीशेठ म्हणाला. "आप्पासायबांनी पाठीवर थाप मारली, भाऊ. म्हनले, याला म्हनतात काम. त्या मानसानं आजवर मला निस्तं फोडायला लावलंय. आता त्यांनी सांगितल्याबिगर मी त्याला छिन्नी लावनार न्हाय."

शुभंकर मात्र शांत होता. "टेन्शन कशाला घेतोस? एक रकाना ऑलरेडी ग्रीन आहे. रविवारी दुसरा बघू."

"अरे, पहिला हिरवा झाला म्हणूनच दुसरा होणार नाही! एकात पाणी उभं राहायला हवं आणि दुसऱ्यात मुरायला हवं. एकाच जागी."

शुभंकरने फोनमध्ये बघितलं. "हो, पण रकाने वेगवेगळे आहेत ना."

घरी आल्यावर धम्मदीपने बघितलं, तर रंगराव चौथ्या विटा आणायला वॉचमनला सांगत होते.

रविवारी सकाळी सगळी सोसायटी वाटेवर जमली. शुभंकरने टँकर मागवला होता. तांब्या-बादलीने ओतणं त्याला पटत नव्हतं. लोड टेस्ट व्हायलाच हवी, असं त्याचं म्हणणं होतं. टँकर वाटेच्या वरच्या टोकाला उभा राहिला. तिथून उतार सरळ धम्मदीपच्या दाराकडे येत होता. मध्ये तो गुळगुळीत तुकडा उन्हात चमकत होता. विटांचे बांध काढलेले होते. दारापुढच्या पिशव्यांच्या दोन रांगा मात्र तशाच होत्या आणि त्यांच्यामागे उंबऱ्यात, दोन्ही हात चौकटीला लावून, रंगराव उभे होते.

"काका, त्या पिशव्या काढाव्या लागतील," शुभंकर म्हणाला. "टेस्टमध्ये बाहेरची मदत नको."

"माह्या घरात पाणी घालायची टेस्ट हाय का हे?"

"दोनच मिनिटं, काका."

"पाणी दोन मिनिटांत येते, अन् काढाले दोन दिवस लागते. तू येशील काढाले?"

लोक हसले, पण हटले नाहीत. अखेर धम्मदीपच पुढे झाला. हरायचं तर निदान नीट हरावं, असा विचार करून तो वाकला आणि एकेक पिशवी उचलून बाजूला ठेवू लागला.

तिसरी पिशवी उचलली आणि त्याचा हात थांबला.

पिशव्यांखाली चिक्की होती. संभाजीशेठचा रंधा पिशव्यांपाशी येऊन थांबला होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत, उंबऱ्याच्या पुढे, दोन पिशव्यांच्या रुंदीची एक पट्टी जशीच्या तशी राहिली होती. पाच दिवस झाकलेली, ओलसर, घट्ट बसलेली, सगळी भोकं शाबूत. त्याने अंगठ्याच्या नखाने एक खडा उपटून बघितला. निघाला नाही. पट्टीखालचा खडीचा थर तर सगळ्या तुकड्याखाली पसरलेला होता. त्याने मनातल्या मनात टँकर किती, उतार किती, भोकं किती असा हिशेब मांडला. हिशेब जमत होता. त्याने उरलेल्या पिशव्या चटकन उचलल्या आणि बाजूला झाला.

"सोडा!" शुभंकर ओरडला.

टँकरचा व्हॉल्व्ह उघडला. पाणी धडाधडा फरशीवर पडलं, पसरलं आणि वाटेभर चादरीसारखं सरकत आलं. गुळगुळीत तुकड्यावर येताच त्याचा वेग आणखी वाढला. लोक मागे सरले. रंगरावांनी धोतराचा सोगा वर धरला. पाणी उंबऱ्याच्या हातभर अंतरावर आलं, पट्टीवर चढलं आणि नाहीसं झालं.

मागून आणखी आलं. तेही नाहीसं झालं. वरून टँकर ओततच होता आणि इकडे उंबऱ्यापुढे पाणी असं संपत होतं, जणू कुणी खालून ओढून घेतंय. जमिनीखालून गुळगुळ असा आवाज येत होता. टँकर रिकामा झाला तेव्हा रंगरावांचा उंबरा कोरडा ठणठणीत होता.



"पास?" शुभंकरने विचारलं. त्याचं बोट फोनवर अधांतरी होतं.

आप्पासाहेब पुढे आले. काठीने त्यांनी पट्टी ठोकून बघितली. मग वळून विचारलं, "संभाजी, इथे हात का नाही फिरवलास?"

संभाजीशेठ गडबडला. "तिथं पोती व्हती, सायेब. चौथा बांध. तुमीच म्हनला न्हवं, का वा म्हनून."

आप्पासाहेब पट्टीकडे बघत राहिले. चाळीस वर्षांत त्यांनी पाण्याला असं वागताना कधी बघितलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून आश्चर्य एकदा सरकून गेलं, ते धम्मदीपने स्पष्ट बघितलं. पण भोवती सबंध सोसायटी उभी होती.

"बांध मी घालायला सांगितला होता," आप्पासाहेब हळूहळू म्हणाले.

"म्हणजे, काका, ही पट्टी बाय डिझाइन आहे?" शुभंकर म्हणाला.

"अनुभव असतो, शुभंकर. कुठे अडवायचं आणि कुठे सोडायचं, ते शेवटी अनुभवानेच कळतं."

लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळी वाजवली. शुभंकर फोनमध्ये लिहू लागला, "मग प्रपोजल असं, की वाटेवर फरशा टाकायच्या आणि दारांपुढे फक्त काकांची पट्टी…"

धम्मदीपचं तोंड उघडलं. सगळं जिभेवर तयार होतं: पट्टी कुणाची, पिशव्या कुणाच्या, वरचा थर काय करतो, फोटो का फसवा आहे. शिवाय नुसती दारांपुढची अशी अरुंद पट्टी सगळ्या वाटेवरून वाहून येणाऱ्या धुळीने लवकर बुजेल आणि दोन पावसाळ्यांत पाणी पुन्हा पलंगाशी येईल, हेही. प्रत्येक मुद्द्याला पुरावा होता. त्याने बापाकडे बघितलं. रंगराव आत वळून, भिंतीला धरून, पाटावर पाय ठेवत होते. कट् असा आवाज त्याला दारापर्यंत ऐकू आला.

"आप्पासाहेब," तो म्हणाला, "आपली पट्टी फारच छान झाली आहे. पण मला वाटतं, ती जरा रुंद हवी."

हेमाताईंनी त्याच्याकडे चमकून बघितलं.

"रुंद?" आप्पासाहेब म्हणाले. "किती रुंद?"

"वाटेइतकी."

आता आप्पासाहेबांनी त्याच्याकडे बघितलं. चांगलं रोखून. मूर्ख ते नव्हतेच. सौदा काय आहे आणि त्यात आपल्या वाट्याला काय येतंय, ते त्यांना पुरतं कळलं.

"लांबी?" त्यांनी विचारलं.

"फाटकापासून शेवटच्या दारापर्यंत. म्हणजे मग पट्टीला पट्टी म्हणून शोभा येईल."

"हं. मीही तोच विचार करत होतो." आप्पासाहेबांनी काठी टेकवली. "आणि पाणी कसं द्यायचं तिला?"

"आपण दिलंत तसंच. पिशव्यांनी झाकून ठेवलीत म्हणून तर ती इतकी घट्ट झाली. पिशव्यांऐवजी कागद घालू, एवढंच."

"अर्थातच. झाकूनच द्यायला हवं. मी पहिल्यापासून सांगतोय."

"आणि फोटो?" शुभंकरने काळजीने विचारलं. "साठलेल्या पाण्याचा फोटो लागतो ना बिलाला. पाणी दिसलंच नाही तर?"

"पाणी दिसत नाही असा फोटो काढ," हेमाताई म्हणाल्या. "माझ्या नळाखाली येऊन काढलास तरी चालेल."

संभाजीशेठ आपल्या गुळगुळीत थराकडे बघत होता. "म्हंजे हे फोडायचं?"

"फोडायचं," आप्पासाहेब म्हणाले. तो शब्द उच्चारताना त्यांच्या आवाजात जुना रुबाब परत आला. "पट्टीच्या मध्ये असला अडथळा नको."

शुभंकरने ठराव तिथेच उभ्या उभ्या लिहिला आणि गटावर टाकला. 'आप्पासाहेब पट्टी, पहिला टप्पा.' आधी फुलं आली, मग अंगठे. धम्मदीपनेही एक अंगठा दाखवला.

मग तो घरात गेला. रंगराव पलंगावर पाय खाली सोडून बसले होते. पाय जमिनीला टेकत नव्हते.

"सगळं ऐकलं म्या," ते म्हणाले. "पिशव्या माह्या, काँक्रीट तुहं, अन् नाव त्या म्हाताऱ्याचं."

"असू दे, बाबा. उतरा खाली. विटा काढतो."

रंगराव पाटावर पाय ठेवून उतरले आणि खुर्चीत बसले. धम्मदीपने पलंगाची एक बाजू उचलून धरली आणि पायाने विटा सरकवू लागला.

"थांब," रंगराव म्हणाले. "एकेकच काढ."

"आता कशाला, बाबा? बघितलंत ना?"

"ते टँकरचं पाणी होतं. शुभंकरनं बोलावलं तवा आलं, अन् संपलं तवा थांबलं." त्यांनी काढलेली वीट हातात घेतली, तिच्यावरची धूळ झटकली आणि ती खुर्चीखाली नीट ठेवली. "बाकीच्या पावसाळा झाल्यावर."

यावर वाद घालावा असं धम्मदीपला क्षणभर वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं, की गेल्या आठवड्याभरात या सोसायटीत कुणीतरी बोललेलं हे पहिलंच शास्त्रशुद्ध वाक्य आहे. त्याने पलंग दोन विटांवर अलगद टेकवला.